आधी बेंबी बघ

नॅटिसिडी कुळातला कुठलाही शंख हातात आला
की लोइस न्यूकम म्हणते, आधी बेंबी बघ.
रंगावर जाऊ नकोस, रंग उन्हात उडतो.
आकार तर सगळ्यांचा तोच,
सोललेल्या कांद्यासारखा गोल, गुळगुळीत,
वर तीन-चार चिमुकले वळसे
आणि खाली सगळं अंग म्हणजे एकच वळसा.

वेलफ्लीटच्या खाडीत नोव्हेंबरची ओहोटी.
संस्थेच्या मागच्या खोलीत हीटर खोकतो,
टेबलावर एलड्रेड पेनचे एकोणीस ट्रे.
हयातभर त्याने तिसऱ्या खणून विकल्या
आणि तिसऱ्या खाणाऱ्यांना
कापूस घालून खोक्यात जपलं.

बेंबी उघडी, खोल, आगकाडीचं टोक आत जाईल अशी:
युस्पायरा हेरॉस.
बेंबीवर तपकिरी बटण, लाखेची मोहोर केल्यासारखं:
नेव्हेरिटा ड्युप्लिकाटा.
दार दोघांचंही नखासारखं, पातळ, शिंगाचं.
चुन्याचं असतं तर उपकूळ वेगळं.
मी वहीत मराठीत उतरवून घेते:
कूळ, प्रजाती, जाती.
शेवटच्या शब्दाशी पेन्सिल जराशी अडते.
लोइसला ते कळायचं कारण नाही,
तिच्या भाषेत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत.

आई कन्नडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती.
नाळ कापायची, बेंबी पुसायची,
मग रजिस्टर ओढायची. वेळ. वजन. मुलगा की मुलगी.
त्यापुढे एक रकाना.
तिथे तिचंही पेन अडायचं का,
विचारायचं राहून गेलं.

चहाच्या वेळी मी लोइसला म्हण सांगितली,
गोगलगाय नि पोटात पाय.
ती गंभीरपणे म्हणाली, बरोबरच आहे,
वर्गाचं नावच तसं पडलंय, पोट आणि पाय.
मग मी अर्थ सांगितला.
तेव्हा उठली, आणि एक शिंपला उजेडात धरला.
त्यात भोक.
सुताराने स्क्रूचं डोकं बसवायला पाडावं तसं,
बाहेर रुंद, आत अरुंद, कड कुठे तुटलेली नाही.
आधी पायाने मिठी मारतात, म्हणाली,
मग आम्ल, मग जीभ, मग पुन्हा आम्ल.
दोन-तीन दिवस लागतात. घाई नसते.

लेबलं एलड्रेडच्या हातची, शाई गंजाच्या रंगाची.
लुनेशिया हेरॉस. पॉलिनिसिस ड्युप्लिकाटस.
आता ती नावं चालत नाहीत.
पण नियम असा, की जुनं लेबल फेकायचं नाही,
खोडायचंही नाही.
नवं पुढे, जुनं मागे, एकाच पिशवीत.

वडिलांनी एकोणऐंशी साली गॅझेटात
आडनाव बदलून घेतलं.
नकाशात बघून एक गाव निवडलं, मागे कर लावला.
त्या गावी आम्ही कधी गेलो नाही.
बांधकाम खात्यात पहिल्याच दिवशी हेडक्लार्क म्हणाले,
तुम्ही मूळचे कुठले?
वडिलांनी गाव सांगितलं.
नाही, ते झालं. मूळचे?
पिशवीत दोन बोटं घालून
मागचं लेबल चाचपत राहिले लोक,
निवृत्तीच्या हारापर्यंत.

तेराव्या ट्रेमध्ये एक नेव्हेरिटा सापडली,
मुठीत मावेल एवढी. बटण शाबूत.
बटणाच्या शेजारीच भोक,
तेच, सुताराचं.
हे कोणी केलं, मी विचारलं,
जरी हातात धरल्याबरोबर कळलं होतं.
हिच्यातल्याच कोणी तरी, लोइस म्हणाली,
इतकं स्वच्छ काम इथे दुसरं कोणी करत नाही.
चष्मा पुसून पुढे म्हणाली,
लेबलावर खाली ओळखणाऱ्याचं नाव लागतं,
पूर्ण लिही, आडनावासकट.

मी आधी शेरा लिहिला. भोक, एक.
बाहेर कोणी तरी फावडं आपटून वाळू झाडत होतं.
मग नाव लिहिलं, माझं,
आणि आडनावापाशी
शाई वाळेपर्यंत हात उचलला नाही.